इंजिनाचा नैवेद्य

आमच्या घरी खंडेनवमीला इंजिनाची पूजा होते. कोयता, विळा, नांगर, ट्रॅक्टर यांची पूजा गेवराई तालुक्यात घरोघरी होते, त्यात नवल नाही. पण पिठाच्या गिरणीतलं जुनं ऑइल इंजिन घासूनपुसून, त्याला हळदकुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून, पुढं करंजाच्या तेलाचा दिवा लावून 'यंदाबी दगा देऊ नगंस' असं त्याला मोठ्यानं बजावणारी बाई मी एकच पाहिली आहे. ती माझी सासू. मी त्यांना आत्या म्हणते.

गिरणी आत्यांची. ती विजेच्या मोटरवर चालते, पण मोटर आल्यावरही आत्यांनी इंजिन विकलं नाही. भिंतीच्या पलीकडच्या खोलीत ते आपलं बसून असतं. वीज गेली की पट्टा मोटरवरून काढून इंजिनावर चढवायचा, हँडल मारायचं, की दळण सुरू. माझा नवरा परळीला नोकरीला आहे, रविवारी येतो आणि उंटावरून शेळ्या हाकून जातो. दर दिवाळीला त्याचं एक वाक्य ठरलेलं, "आई, ते धूड भंगारवाल्याला दे आता." आत्या ऐकून घेतात, चहा देतात, आणि उत्तर देत नाहीत. उत्तर का देत नाहीत ते मला लग्नानंतर कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरं मला पाठीमागं 'मिरची' म्हणतात, आणि ते खोटं नाही. मला चूक दिसली की राहवत नाही. आमच्या ओढ्याला करंजाची झाडं ओळीनं उभी आहेत, त्यांच्या शेंगा दरवर्षी कुजून जातात, हीसुद्धा मला चूकच वाटायची. मग मी बिया गोळा करून घाण्यावर तेल काढून आणायला लागले, आणि परसात एका निळ्या ड्रममध्ये त्याचं बायोडिझेल करायला लागले. तेल गरम करायचं, त्यात आधी थोडं आम्ल आणि मग कॉस्टिक सोडा मिसळलेलं मिथेनॉल घालायचं, ढवळायचं, ठेवून द्यायचं. खाली काकवीसारखं ग्लिसरीन बसतं, वर पातळ पिवळं इंधन राहतं. ते पाण्यानं धुऊन, सुकवून कॅनमध्ये भरायचं. नवरा म्हणाला, "घरात आता स्वयंपाक कुठं होतो आणि स्फोट कुठं होतो ते तरी सांगून ठेव." मी दोन्ही एकाच चुलीवर होतं असं सांगितलं. डिझेलमध्ये थोडं थोडं मिसळून ते आम्ही इंजिनात वापरायचो. इंजिनानं कधी तक्रार केली नव्हती.

हे झालं बायोडिझेलचं. पण घरात नुसतं करंजाचं तेलही होतं, अजून काही न केलेलं, दाट, कडू वासाचं. आणि इथंच घोळ झाला.

आत्यांची एक रीत होती. खंडेनवमीचा दिवा शांत झाला की पणतीत उरलेलं तेल त्या इंजिनाच्या टाकीत ओतायच्या. देवापुढचं तेल मोरीत कसं ओतायचं? चमचाभर तेलानं कुणाचं काय बिघडतं, म्हणून मीही कधी बोलले नव्हते. यंदा मात्र माझ्यामुळे घरात करंजाचं तेल भरपूर होतं. आत्यांना वाटलं, वर्षभर राबतं बिचारं, त्याला पणतीपुरतंच कावून द्यायचं? त्यांनी चांगली चरवीभर तेल टाकीत ओतलं, वरून हळदकुंकू वाहिलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. देवाला दिलेलं बोलून दाखवायचं नसतं.

दिवाळी झाली आणि टोळ्या निघायचे दिवस आले. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये निघायच्या दिवशी दळण असतंच. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून ज्वारी. कारखान्यावर पोचलं की कोप्या, म्हणजे चटयांच्या झोपड्या, उभ्या करायच्या, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कोयता चालवायचा. त्या परक्या मुलखात गिरणी शोधत फिरायला पहिले आठ-पंधरा दिवस कुणाला सवड नसते. पोत्यात पीठ असेल तर चूल पेटते.

त्या दिवशी संध्याकाळी टोळीचा ट्रक निघणार होता, आणि सकाळी डीपी जळाली. डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. ती जळाली की दुसरी येईपर्यंत सणवारसुद्धा अंधारात उरकतात. बायका मात्र बिनघोर होत्या. आत्यांचं इंजिन होतं ना! गिरणीपुढं पोत्यांची रांग लागली.

आत्यांनी पट्टा चढवला, इंजिन सुरू झालं. पहिली काही दळणं निघाली. मग धुराड्यातून काळाकुट्ट धूर यायला लागला. 'पुक पुक' असा पक्का आवाज करणारं इंजिन दमेकऱ्यासारखं खोकायला लागलं, आणि एक आचका देऊन बंद पडलं. हँडल मारून मारून माझ्या दंडाला गोळे आले. मी टाकीचं झाकण उघडलं. कडू वास आला. बोट बुडवलं तर बोटाला चिकट तेल लागलं आणि वर कुंकवाचा लाल कण.

"आत्या, हे काय ओतलंय?"

"नैवेद्य," आत्या म्हणाल्या.

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. पोरांनी ठेवलेलं नाव मी त्या दिवशी सार्थ केलं एवढंच सांगते. आत्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिव्यात तर जळतंय की गं झकास. इंजिनात कावून जळंना?"

 खरं सांगते, प्रश्न बरोबर होता.

दळण राहिलेल्या बायकांपैकी काहीजणी पोती उचलून शेजारच्या गावाला निघाल्या, ज्यांच्या घरी मोटरसायकल होती त्या. बाकीच्या घरी गेल्या. एक पोर मात्र तिथंच बसून राहिली. ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीवरची, मांडीवर काही महिन्यांचं बाळ. तिचा नवरा मुकादमाबरोबर सामान भरायला गेला होता. तिनं आत्यांना विचारलं, "मावशी, व्हईल का वो संध्याकाळपत्तुर? न्हाईतर तशीच ज्वारी घिऊन जाते."

"तशी जायची न्हाई," आत्या एकदम म्हणाल्या. आवाज असा की बाळ दचकलं.

मग माझ्याकडं बघून, पण खरं तर कुणाकडंच न बघता, त्या बोलायला लागल्या. "आमी पहिल्या सालाला गेलतो, तवा बिनपिठाचं गेलतो. दळाया येळच गावला न्हाई. पोरगं एवढंच व्हतं, हिच्या लेकरापरीस थोडं मोठं. माझं दूध आटलेलं. चार दिस आख्खी ज्वारी शिजवून घुगऱ्या खाल्ल्या, त्यालाबी त्याच चेचून चारल्या. पचतंय व्हय आख्खं दाणं लेकराला? रडून रडून त्याचा आवाज बसला. बाजूच्या कोपीतल्या बाईनं मूठभर पीठ दिलं तवा त्याला आंबील पाजली. त्या दिशी मी म्हणलं, माझ्या दारातनं कुणी बिनपिठाचं जाणार न्हाई. मग ही गिरणी."

मला ही गोष्ट नवीन होती. आत्यांना एकच मुलगा आहे. म्हणजे चार दिवस घुगऱ्या खाऊन रडलेलं ते पोरगं माझा नवरा होता. दर दिवाळीला इंजिन भंगारात द्या म्हणणारा. मघाचा राग कुठल्या कुठं गेला.

आत्यांनी पाना घेतला, इंजिनाचं नोझल काढलं, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. नोझल म्हणजे इंजिनाच्या डोक्यात इंधन सोडणारी बोटभर लांबीची टोचणी. मी टाकीतलं ते तेल एका बाटलीत घेतलं, दुसऱ्या बाटलीत माझं बायोडिझेल घेतलं, कारण मला एक भीती होती. खोट नैवेद्याचीच आहे की माझ्याही इंधनाची? गाव बायोडिझेलच्या नावानंच खडे फोडणार हे ठरलेलं होतं. आत्यांना टाकी धुवायला सांगून मी स्कूटरवर बसले.

गेवराईला पंप-नोझलचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. दुकान खोलीएवढं, पण डिझेलच्या वासानं पुढच्या चौकापर्यंत पसरलेलं. त्यांनी नोझल तपासायच्या यंत्राला लावलं. ते यंत्र अगदी साधं. एक हाताचा दांडा, एक दाब दाखवणारं घड्याळ, आणि नोझलच्या खाली काचेचं मोठं भांडं. त्यांनी दांडा दाबला. नोझलच्या टोकाला एक काळा थेंब लोंबकळला आणि तिथंच राहिला.

"सर्दी झालीया ह्याला, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "काय पाजलं?"

"नैवेद्य," मी म्हटलं. ते हसले, पण विचारलं नाही. त्यांनी नोझल उघडलं, डिझेलमध्ये बुडवलं, पितळी ब्रशनं घासलं, आणि केसापेक्षा बारीक तारेनं टोकाची भोकं मोकळी केली. मी ती भोकं बघायला गेले तर मला दिसेनात. त्यांनी नोझल उन्हाकडं धरून दाखवलं, तेव्हा कुठं टाचणीच्या टोकाहून बारीक उजेडाचे ठिपके दिसले. एवढाल्या ठिपक्यांतून आमच्या गिरणीचा दगड फिरतो, हे मला पटेना.

मग त्यांनी यंत्रात स्वच्छ डिझेल भरलं आणि दांडा दाबला. 'चिर्रर्र' असा कोरडा, करकरीत आवाज झाला, आणि काचेच्या भांड्यात धूर झाला.

मी म्हटलं, "अहो, पेट घेतला!"

"धूर न्हाई मॅडम, त्ये डिझेल हाय."

डिझेल! दारातून ऊन येत होतं आणि त्या उन्हात ते हवेत तरंगत होतं. पाणी म्हणावं तर पडत नव्हतं, वाफ म्हणावी तर गरम नव्हती. टोकापाशी निमुळतं, पुढं फुलत गेलेलं, इतकं बारीक की त्यातला एकही थेंब डोळ्यानं धरता येत नव्हता. मी नकळत हात पुढं केला. मिस्त्रींनी मनगट धरून मागं ओढलं. "बोट धरायचं न्हाई म्होरं. कातडीत शिरतं त्ये." ज्या गोष्टीला आकार नाही, ती कातडी फोडून आत शिरते! 

मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे की वस्तूचे तुकडे केले की पृष्ठफळ वाढतं. खडूचा तुकडा मोडून दाखवायची. पोरं माना डोलवायची, मीही डोलवायची. पण दाबानं रेटलेलं तेल त्या भोकातून इतक्या जोरानं बाहेर पडतं की समोरची हवाच त्याला फाडते, एका थेंबाचे असंख्य होतात, आणि त्या प्रत्येकाला स्वतःपुरती हवा मिळते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत दाबून तापलेली हवा असते आणि तिच्यात हे धुकं जातं, झालं. डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटायचं, मिसळायचं, पेटायचं, आणि पुढच्या फेऱ्याला पुन्हा. रस्त्यानं जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर पोटात हे करत जातो आणि आपण नुसते त्याच्या हॉर्नला शिव्या देतो.

"आता हे लावा," म्हणून मी नैवेद्याची बाटली दिली. मिस्त्री कुरकुरले, पण त्यांनाही बघायचंच होतं. दांडा दाबला. आवाज नाही. नोझलमधून एक सरळ दोरा निघाला, समोरच्या काचेवर आपटला आणि ओघळून खाली आला. आत्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. दिव्यात वात असते. ती तेल हळूहळू वर ओढते आणि जळायला वेळ देते. इंजिनात वात नाही आणि वेळ तर नाहीच. दाट तेलाचा दोरा तिथं अर्धाकच्चा जळतो, काजळी होते, भोकं बुजतात.

मग माझी पाळी आली. मिस्त्रींनी यंत्र धुऊन माझं बायोडिझेल भरलं.  दांडा दाबल्यावर आवाज झाला, थोडा भरड. फवारा आला! पण डिझेलसारखा फुलला नाही. जरा अरुंद, जरा लांबवर जाणारा, आणि काचेवर ओले ठिपके. "वाईट न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पर जाड हाय जरा." मला ते पटलं. नुसतं तेल फवाऱ्यालाच येईना, त्याचं बायोडिझेल केल्यावर ते येत होतं, पण डिझेलपेक्षा हे थोडं दाट, स्वतःला थोडं घट्ट धरून ठेवणारं, म्हणून थेंब मोठे.

शेजारी चहाची टपरी होती. तापलं की तेल पातळ होतं, म्हणून मी बाटली घेऊन गेले, भांडी विसळायच्या कढत पाण्यात ती धरून उभी राहिले. टपरीवाला माझ्याकडं आणि बाटलीकडं आळीपाळीनं बघत होता. परत येऊन तेच इंधन, तेच नोझल, तोच दांडा. चिर्रर्र! आणि फवारा उमलला. काठाकाठानं पसरला, उन्हात थरथरला आणि विरला. मिस्त्रींनी दांडा आणखी एकदा दाबला. म्हणाले, "मॅडम, हे म्याबी आजच बघतोय." आम्ही दोघांनी ते पुन्हा पुन्हा केलं, लहान पोरांसारखं. मला आनंदानं रडू येत होतं आणि डिझेलच्या वासाचं निमित्त सोयीचं होतं.

येताना डिझेल घ्यायला पंपावर थांबले, तर पंपावर दोरी बांधलेली. हंगामाला निघालेल्या सगळ्या ट्रकांनी आणि ट्रॅक्टरांनी टाक्या भरून पंप कोरडा केला होता. टँकर उद्या येणार म्हणे. घरी माझा एक कॅन होता आणि त्यात मिसळायला डिझेलचा थेंब नव्हता. नुसत्या बायोडिझेलवर इंजिन आम्ही कधीच चालवलं नव्हतं.

घरी आत्यांनी टाकी लख्ख केली होती. ती पोर बाळाला घेऊन अजून बसली होती. पाहिलेलं सगळं मी त्यांना हातवारे करून सांगितलं, धुकं कसं होतं, दोरा कसा पडतो, कढत पाण्यात बाटली धरल्यावर फवारा कसा उमलतो. आत्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी नोझल तेल दळतं म्हण की."



"आन म्या त्याला आख्खं दाणं चारलं," त्या पुढं म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, "चला, आता पीठ चारू."

मी पुढं काही म्हणायच्या आधीच त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं. दिवाळीत लेकरांच्या अंगाला लावायचं तेल गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करतात, तसा कॅन कढत पाण्याच्या घंगाळात बसवला. कोमट झालेलं इंधन टाकीत ओतलं. नोझल बसवलं. मी हँडल धरलं, आत्या इंजिनातला दाब मोकळा ठेवणाऱ्या खटक्यापाशी उभ्या राहिल्या. बाळाच्या कानावर हात ठेवून, त्याला पोटाशी धरून ती पोर बाहेर गेली.

फिरवलं. जोर आला तसा आत्यांनी खटका सोडला. पुक. मग काहीच नाही.  पुन्हा फिरवलं. पुक. पुक. पुक पुक पुक. धुराड्यातून आधी पांढरा झोत, मग जवळजवळ काहीच नाही, फक्त वडे तळल्यासारखा वास. आत्या इंजिनावर हात ठेवून उभ्या होत्या. मी तिथं असूनही त्या सिलिंडरच्या आत होते, त्या चिर्रर्र आवाजापाशी. प्रत्येक पुकेला एक धुकं, प्रत्येक पुकेला एक धुकं.

इंजिनाला थंड ठेवणाऱ्या ड्रममधलं पाणी तापायला लागलं तसा उरलेला कॅन आम्ही त्याच पाण्यात सोडला. इंजिन स्वतःचं जेवण स्वतःच गरम करायला लागलं. बातमी पसरली, माघारी गेलेल्या बायकांतल्या काही परत आल्या. दळणं निघत गेली. पिठाचा भुरका हवेत उठला, खिडकीतल्या तिरप्या उन्हात तरंगायला लागला, आणि मला पुन्हा ते काचेचं भांडं आठवलं. त्या पोरीचं दळण शेवटी निघालं. आत्यांनी स्वतः पोतं भरलं, दाबून दाबून.

दिवेलागणीला ट्रक आला. गार वारा सुटला होता. ट्रकच्या मागच्या भागात कोयते, भांडी, कोपीच्या चटया, माणसं, शेळी. ती पोर वर चढली. आत्यांनी पोतं वर दिलं. ताजं दळलेलं पीठ ऊन असतं, ते पोतं अजून ऊन होतं. तिनं हात लावून पाहिलं, हसली, आणि बाळाला त्या पोत्याला टेकवून निजवलं. बाळ क्षणभर चुळबुळलं आणि झोपी गेलं. आत्या ट्रक वळणापलीकडं जाईपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

घरात येतो तोच नवऱ्याचा फोन आला. डीपी जळाल्याचं त्याला कळलं होतं. नेहमीसारखं सुरू झालं, "त्या धुडाच्या नादी कशाला लागलात, आता तरी आईला समजाव."

मी म्हटलं, "तूच समजाव," आणि फोन आत्यांकडं दिला.

आत्यांचे हात पिठानं पांढरे होते, म्हणून त्यांनी फोन दोन बोटांत धरला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इंजिन इकायचं न्हाई."

"पण कावून, आई?" तो आवाज मलाही ऐकू आला.

"तू भुकेला निजलतास म्हणून."

त्यापुढं त्यांनी सगळं सांगितलं, ऊस, घुगऱ्या, बसलेला आवाज, मूठभर पीठ. मोजक्या शब्दांत, रडणं नाही की काही नाही.  

मग तो म्हणाला, "बरं. रविवारी येताना नवीन नोझल आणतो."